०८४, ०८७, ०९, ११८: ब्रिटनमध्ये या नंबरांवर फोन केला की पैसे कसे लागतात

ब्रिटनमध्ये नवं सिम घेतलं आणि प्लॅनवर ‘अनलिमिटेड मिनिट्स’ लिहिलेलं असलं, की देशात कुठेही फोन करा, वेगळे पैसे लागायचे नाहीत, असं वाटतं. मग एखाद्या कंपनीच्या ०८४४ नंबरवर वीस मिनिटं होल्डवर काढली जातात आणि महिनाअखेरीला बिलात चौदा-पंधरा पाउंड जादा दिसतात. बिल चुकलेलं नसतं. अनलिमिटेड मिनिटांत असे नंबर बहुधा धरलेलेच नसतात.

ब्रिटनमध्ये ०१ आणि ०२ ने सुरू होणारे नंबर गावाशी बांधलेले असतात: ०२० लंडनचा, ०१२१ बर्मिंगहॅमचा, ०१६१ मँचेस्टरचा. ०३, ०८, ०९ आणि ११८ ने सुरू होणारे नंबर कुठल्याच गावाचे नसतात. त्यांना नॉन-जिओग्राफिक नंबर म्हणतात. कॉल प्रत्यक्षात कुठे उचलला जातो याचा आणि त्याच्या किमतीचा काही संबंध नसतो. किंमत ठरते ती पहिल्या तीन आकड्यांवरून आणि तुम्ही कोणत्या फोनवरून लावता यावरून.

आधी सुरुवातीचे आकडे वाचा

०८०० आणि ०८०८ फुकट. लँडलाइनवरून पूर्वीपासूनच फुकट होते, १ जुलै २०१५ पासून मोबाइलवरूनही झाले. ११६ ने सुरू होणारे मदतीचे नंबरही फुकट (भावनिक आधारासाठीचा समॅरिटन्सचा ११६ १२३ हा त्यातलाच). जुन्या पत्रकांवर कधी ०५०० ने सुरू होणारा नंबर सापडतो. तेही एके काळी फुकट होते, पण ती मालिका जून २०१७ मध्ये बंद झाली. तो नंबर लावण्यात वेळ घालवू नका.

०३ ने सुरू होणारा कोणताही नंबर, म्हणजे ०३००, ०३३०, ०३३३, ०३४५, ०३७० वगैरे, किमतीच्या बाबतीत ०१-०२ सारखाच धरायचा. नियम असा आहे की ०३ च्या कॉलला गावाच्या नंबरपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत आणि प्लॅनमध्ये ०१-०२ साठी मिनिटं असतील तर त्यांतूनच ०३ चा कॉल जायला हवा. मोबाइललाही हाच नियम. शिवाय ज्याला फोन केला त्याला या कॉलमधून हिस्सा मिळत नाही. ०३०० सरकारी कार्यालयं आणि धर्मादाय संस्थांसाठी राखलेला आहे. एक बारकावा लक्षात ठेवा. घरच्या लँडलाइनच्या प्लॅनमध्ये फक्त संध्याकाळची आणि शनिवार-रविवारची मिनिटं असतील, तर मंगळवारी सकाळी अकराला केलेल्या ०३ च्या कॉलचे पैसे लागतील, अगदी ०२० ला लागले असते तसेच.

आता महागडी मंडळी: ०८४, ०८७, ०९ आणि ११८. या लेखाचा बराचसा भाग यांच्यावरच आहे.

०७० कडेही जरा बघून घ्या. दिसायला तो मोबाइल नंबर वाटतो, पण तो ‘पर्सनल नंबर’, म्हणजे आलेला कॉल दुसरीकडे वळवणारा. ऑक्टोबर २०१९ पासून या नंबरांसाठी कंपन्यांनी एकमेकींकडून घ्यायच्या दरावर मर्यादा आली आणि त्यांच्यामागची लबाडी बरीच आटोक्यात आली. तरी तुमच्या प्लॅनमध्ये तो मोबाइल नंबर म्हणून धरला आहे का, हे दरपत्रकात बघूनच लावा. अनोळखी ०७० वरून मिस्ड कॉल आला तर उलट फोन करू नका.

एका कॉलचे दोन भाग

२०१५ च्या आधी या नंबरांची किंमत कोणालाच धड सांगता येत नसे. जाहिरातीत एका मोठ्या लँडलाइन कंपनीचा दर लिहायचा आणि खाली बारीक अक्षरांत ‘मोबाइलवरून बरेच जास्त लागू शकतात’ एवढं म्हणून मोकळं व्हायचं, अशी रीत होती. १ जुलै २०१५ ला ऑफकॉम या दूरसंचार नियामक संस्थेने किंमत दोन भागांत फोडायला लावली.

पहिला भाग ॲक्सेस चार्ज. हा तुमची स्वतःची फोन कंपनी घेते. मिनिटाला अमुक पेन्स, आणि एका प्लॅनवर सगळ्या ०८४, ०८७, ०९, ११८ नंबरांना एकच दर. सकाळ-संध्याकाळ, शनिवार-रविवार यांनी त्यात फरक पडत नाही.

दुसरा भाग सर्व्हिस चार्ज. हा ज्या नंबरवर फोन केला त्या बाजूला जातो: तो नंबर चालवणारी टेलिफोन कंपनी आणि बहुतेक वेळा नंबर वापरणारी संस्था यांच्यात त्याची वाटणी होते. व्हॅट धरून त्याच्या कमाल मर्यादा अशा आहेत:

- ०८४: मिनिटाला ७ पेन्सपर्यंत
- ०८७: मिनिटाला १३ पेन्सपर्यंत
- ०९: मिनिटाला ३.६० पाउंडांपर्यंत, किंवा एका कॉलला ठोक ६ पाउंडांपर्यंत
- ११८: दर ९० सेकंदांना ३.६५ पाउंडांपर्यंत (ही मर्यादा एप्रिल २०१९ पासून)

या झाल्या मर्यादा. प्रत्यक्ष सर्व्हिस चार्ज त्याहून कमीही असू शकतो. नंबर जिथे छापला असेल तिथे तो लिहिणं बंधनकारक आहे. साधारण मजकूर असा असतो: ‘या कॉलला मिनिटाला ७ पेन्स, शिवाय तुमच्या फोन कंपनीचा ॲक्सेस चार्ज.’

नवीन माणूस फसतो तो इथेच. ‘७ पेन्स’ डोळ्यांत भरतो, ‘शिवाय’ च्या पुढचं नजरेतून निसटतं. खरा खर्च मात्र त्या ‘शिवाय’ मध्येच असतो. सर्व्हिस चार्जला वरची मर्यादा आहे, ॲक्सेस चार्जला ऑफकॉमने अशी मर्यादा घातलेली नाही. कंपनी तो स्वतः ठरवते आणि मोबाइलवर तो सर्व्हिस चार्जच्या कितीतरी पट असू शकतो.

हिशेब करून बघा

समजा तुमच्या मोबाइल प्लॅनचा ॲक्सेस चार्ज ६५ पेन्स आहे आणि ०८४ नंबरचा सर्व्हिस चार्ज ७ पेन्स. मिनिटाला झाले ७२ पेन्स. वीस मिनिटांचे १४.४० पाउंड. त्यातले १.४० पाउंड समोरच्या बाजूला गेले आणि १३ पाउंड तुमच्याच नेटवर्कला. ‘त्या कंपनीने लुटलं’ असं म्हणताना हा आकडा समोर असू द्यावा.

आता १३ पेन्सांचा ०८७१ नंबर घ्या आणि तीस मिनिटं बोला. ६५ पेन्स ॲक्सेस चार्ज असलेल्या फोनवरून २३.४० पाउंड होतात. १२ पेन्स ॲक्सेस चार्ज असलेल्या फोनवरून ७.५० पाउंड. नंबर तोच, बोलणं तेवढंच, आणि दोन्हीकडे सर्व्हिस चार्जचा वाटा ३.९० पाउंडच. फरक पडला तो फोन कोणाचा होता यावरून. म्हणून घरात दोन वेगळ्या कंपन्यांचे फोन असतील, तर दोघांचेही ॲक्सेस चार्ज एकदा बघून ठेवावेत आणि अशा कॉलला स्वस्त असेल तो फोन वापरावा.

मिनिटं मोजताना दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली म्हणजे पैसे कॉल उचलल्यापासून सुरू होतात, माणूस बोलायला लागल्यापासून नव्हे. ‘एक दाबा, दोन दाबा’ सांगणाऱ्या यंत्राने उचलला तरी कॉल उचललाच गेला, आणि होल्डवरच्या संगीतालाही तोच दर. दुसरी म्हणजे अनेक नेटवर्क वरची सेकंदं पुढच्या मिनिटात ढकलतात. तुम्ही १ मिनिट ५ सेकंद बोललात की २ मिनिटांचे पैसे लागतात. तुमची कंपनी काय करते ते दरपत्रकात लिहिलेलं असतं.

तुमचा ॲक्सेस चार्ज कुठे सापडेल

कंपनीने तो लपवायचा नाही, असा नियमच आहे. करार करताना तो स्पष्ट दाखवावा लागतो आणि बिलातही द्यावा लागतो. शोधायचा असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर ‘ॲक्सेस चार्ज’ एवढंच टाका किंवा ‘प्लॅनबाहेरचे दर’ अशा अर्थाचं पान उघडा. जुन्या प्लॅनचा आणि नव्या प्लॅनचा ॲक्सेस चार्ज वेगळा असू शकतो, आणि मासिक प्लॅनचा व प्रीपेडचाही. म्हणून मित्राने सांगितलेला आकडा चालत नाही, मित्र त्याच कंपनीचा ग्राहक असला तरीही. आपल्या प्लॅनच्या नावाची ओळच वाचा.

काही प्लॅनमध्ये ॲक्सेस चार्जचा भाग मोफत मिनिटांत धरलेला असतो. तसं असेल तरी सर्व्हिस चार्ज लागतोच, हे ध्यानात ठेवा. आणि वायफाय कॉलिंग चालू केलं म्हणून दर बदलत नाही. कॉल वायफायवरून गेला तरी हिशेब सिमच्या प्लॅननेच होतो.

प्रीपेड सिमवर आणखी एक घोळ होतो. महिन्याचा बंडल घेतलेला असतो, मिनिटं शिल्लक दिसतात, तरी ०८४ चा कॉल लागतच नाही. कारण हा कॉल बंडलमधून जात नाही. त्याला खात्यात वेगळी शिल्लक लागते, आणि ती असेल तर बोलता बोलता संपते व कॉल तुटतो. तातडीचं काम असेल तर आधी टॉपअप करा, नाहीतर पुढे सांगितलेल्या मार्गांनी स्वस्त नंबर शोधा.

लावण्याआधी स्वस्त नंबर शोधा

हे काम दोन मिनिटांचं आहे आणि बहुतेक वेळा यश येतं.

१. त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचं संपर्काचं पान उघडा. शोधयंत्रात सगळ्यात वर जे येतं ते उघडू नका. का, ते पुढे येतंय.

२. त्या पानावर ‘परदेशातून फोन करण्यासाठी’ असा नंबर आहे का बघा. बहुधा तो +४४ १ किंवा +४४ २ ने सुरू होतो. +४४ काढून पुढे शून्य लावा की तो साधा गावाचा नंबर झाला. तो तुमच्या मिनिटांत बसतो.

३. ०८४४ असेल तर ०३४४ लावून बघा, ०८४५ ला ०३४५, ०८७० ला ०३७० आणि ०८७१ ला ०३७१, बाकीचे आकडे तेच. ०३४ आणि ०३७ या मालिका याच कामासाठी ठेवल्या आहेत: ०८४ किंवा ०८७ वापरणाऱ्याला तोच नंबर ०३ मध्ये घेता यावा म्हणून. सगळ्यांनी तो घेतलेला नसतो, त्यामुळे कधी ‘नंबर अस्तित्वात नाही’ असं ऐकू येईल. तिथे नुकसान काहीच नाही.

४. आधीच ग्राहक असाल तर ग्राहकसेवेचा वेगळा नंबर मागा. तो देणं त्यांना भाग आहे.

हा चौथा मुद्दा फार कामाचा आहे. १३ जून २०१४ पासून लागू असलेल्या ग्राहक करार नियमांनुसार, विकलेल्या वस्तूबद्दल किंवा घेतलेल्या सेवेबद्दल बोलायला ग्राहकाला साध्या दरापेक्षा महाग नंबर वापरायला लावता येत नाही. साधा दर म्हणजे ०१, ०२, ०३, ०८० किंवा नेहमीचा मोबाइल नंबर. बँका, विमा कंपन्या अशा वित्तसंस्थांना वित्त नियामकाने ऑक्टोबर २०१५ पासून असाच नियम लावला. नवीन खरेदीच्या चौकशीसाठी मात्र ०८४ ठेवायला मुभा आहे. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन नंबर दिसतात, खरेदीचा महाग आणि तक्रारीचा स्वस्त. घाईत भलताच लावला जातो. तक्रारीसाठीही ०८४-०८७ च दिला असेल, तर साध्या दराच्या वर गेलेली रक्कम त्या व्यापाऱ्याकडून परत मागता येते. बिलाची ती ओळ जोडून लेखी मागा.

सरकारी कामांसाठी महाग नंबर लावायची वेळ येऊच नये. करखात्याने २०१३ मध्ये ०८४५ सोडून ०३०० घेतले, तर सरकारी भत्ते देणाऱ्या खात्याच्या हेल्पलाइन २०१७ च्या अखेरीस फुकट झाल्या. कर, व्हिसा, लायसन्स अशा कामांसाठी इंटरनेटवर ०८४, ०८७ किंवा ०९ नंबर दिसला, तर तो त्या खात्याचा नाही असंच समजा.

मग तो कोणाचा असतो? ‘कॉल जोडून देणारी सेवा’ असते ती. एखादी तिसरीच कंपनी स्वतःचा महाग नंबर घेते, खात्याच्या किंवा मोठ्या दुकानाच्या नावाने शोधयंत्रात जाहिरात देते, आणि तुमचा कॉल घेऊन मूळ फुकट किंवा स्वस्त नंबरला जोडून देते. समोर खरोखर तोच विभाग बोलतो, त्यामुळे संशय येत नाही. पण मीटर मधल्या कंपनीचं चालू असतं, अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत. पानावर खाली बारीक अक्षरांत ‘आमचा या खात्याशी संबंध नाही’ असं लिहिलेलं असतं. ते वाचायला कोणी थांबत नाही, हेच त्यांचं भांडवल.

नंबर लिहिण्यातही चलाखी असते. ०८४४ ची ओळख लपवायला आकडे भलतीकडे तोडतात: आधी ‘०८’, मग मोकळी जागा, मग बाकीचे. किंवा +४४ पुढे ८४४ लिहितात, आणि मग सुरुवातीचा शून्य नसल्याने लक्षात येत नाही. मोकळ्या जागा विसरून पहिले चार आकडे सलग वाचा.

०९ आणि ११८

टीव्हीवरच्या स्पर्धा, ज्योतिष, प्रौढांसाठीच्या सेवा, तांत्रिक सल्ला हे सगळं ०९ वर असतं. इथे मात्र सर्व्हिस चार्जच मोठा. मिनिटाला १.५० पाउंड सर्व्हिस चार्ज आणि ६५ पेन्स ॲक्सेस चार्ज म्हणजे २.१५ पाउंड. मतदानाच्या नंबरांना बहुधा ठोक सर्व्हिस चार्ज असतो, ‘५० पेन्स, शिवाय ॲक्सेस चार्ज’ असा. त्यात ५० पेन्स एकदाच, ॲक्सेस चार्ज मिनिटाच्या हिशेबाने.

११८ म्हणजे नंबर विचारून घेण्याची सेवा. आजच्या काळात तिची गरज जवळपास उरलेली नाही, तरी वयस्कर नातेवाइकांना सवय असते. नंबर सांगून झाल्यावर विचारतात, ‘जोडून देऊ का?’ हो म्हटलं की पुढचं सगळं बोलणं ११८ च्या दराने चालू राहतं. कमाल दराने आणि ६५ पेन्स ॲक्सेस चार्जने दहा मिनिटांचे ३० पाउंडांच्या वर जातात. नंबर लिहून घ्या, फोन ठेवा आणि स्वतः लावा.

छोटे तीन आकडी नंबर यांत मोडत नाहीत. ९९९ आणि ११२ फुकट, वैद्यकीय सल्ल्याचा १११ फुकट, वीज गेल्यावरचा १०५ फुकट. पोलिसांच्या १०१ ला पूर्वी कॉलमागे १५ पेन्स लागत, एप्रिल २०२० पासून तोही फुकट आहे.

आधीच कुलूप लावून ठेवा

नेटवर्कला सांगून ०९ आणि इतर प्रीमियम नंबर बंद करून घेता येतात. घरात मुलं असतील तर पहिल्याच दिवशी करा. दुसरी सोय बिल-मर्यादेची. ऑक्टोबर २०१८ पासून नवा मोबाइल करार करताना किंवा जुना वाढवताना कंपनीला तुम्हाला मासिक बिलाची मर्यादा ठरवू द्यावी लागते. मर्यादा शून्य ठेवली की प्लॅनबाहेरचा कॉल लागत नाही. आपत्कालीन नंबर तेव्हाही लागतात.

बिल चुकीचं वाटलं तर

कोणाशी भांडायचं हे कोणत्या भागात चूक आहे यावर ठरतं. ॲक्सेस चार्ज करारातल्या आकड्याशी जुळत नसेल, मोफत मिनिटांतला ०३ चा कॉल बिलात आला असेल, किंवा ०८०० ला पैसे लावले असतील, तर ते तुमच्या नेटवर्कचं काम. लेखी तक्रार करा, तारीख, वेळ, नंबर आणि सेकंदं लिहा. ठरलेल्या मुदतीत निकाल लागला नाही किंवा कंपनीने ‘आमच्याकडून हे शेवटचं उत्तर’ असं पत्र दिलं, की तंटा सोडवणाऱ्या स्वतंत्र योजनेकडे जाता येतं. ग्राहकाला ती फुकट असते आणि तुमची कंपनी कोणत्या योजनेत आहे हे तिला सांगावंच लागतं.

सर्व्हिस चार्ज जाहिरातीपेक्षा जास्त लागला, दर लिहिलाच नव्हता, किंवा मधल्या जोडणाऱ्या कंपनीने फसवलं, तर आधी तो नंबर चालवणाऱ्याकडे परतावा मागा. ०८७, ०९ आणि ११८ वरच्या प्रीमियम सेवांसाठी पूर्वी वेगळी नियामक संस्था होती. १ फेब्रुवारी २०२५ पासून ते काम ऑफकॉमकडे आलं आहे, तक्रार तिथे नोंदवा. नुसती ‘बिल जास्त आलं’ अशी तक्रार मागे पडते. ज्या पानावरून नंबर घेतला त्याचा स्क्रीनशॉट जोडा, कारण ती पानं चटकन बदलतात.

देशाबाहेर असताना

ब्रिटिश सिम घेऊन परदेशात गेलात की वरचा हिशेब लागू होत नाही. रोमिंगचे दर लागतात आणि ०८०० सुद्धा फुकट उरत नाही. परदेशी सिमवरून तर ०८० आणि ०८४ अनेकदा लागतच नाहीत. ०१-०२ चा नंबर आधीच टिपून न्यावा. आणि जर्सी (०१५३४), गर्न्सी (०१४८१), आइल ऑफ मॅन (०१६२४) या बेटांचे नंबर दिसायला ब्रिटनच्या गावांसारखे असले, तरी काही नेटवर्क ते मोफत मिनिटांत धरत नाहीत. तिथल्या मोबाइल नंबरांचंही तसंच.